बाइलियान, मातीसकट

श्योंग गेनशेंगने कापलेली चकती तळहातावर ठेवून हलकी फुंकर मारली की ती उडायची. नुसती सरकायची नाही, उडायची, आणि समोर बसलेल्याच्या बाहीवर जाऊन चिकटायची. चीनमधल्या जांगशू गावात औषधी मुळं कापणारे पुष्कळ, पण चकती उडवणारे आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेले. जांगशूतून गेल्याशिवाय औषधाला गुण येत नाही, असं तिथले लोक येताजाता म्हणतात. गेनशेंग कधी म्हणायचा नाही. तो आपला फुंकर मारायचा.

माणूस साठीला टेकलेला, खांद्यात किंचित वाकलेला. बोलताना डोळे असे बारीक करायचा, जणू समोरच्याचं वाक्यही उजेडाविरुद्ध धरून बघतोय. कारखान्यात सगळे त्याला श्योंगशिफू म्हणत. हाताला कसब असलेल्या माणसाला तिकडे शिफूच म्हणतात. त्याचं काम म्हणजे डोंगरावरून आलेला माल धुवायचा, ओल्या फडक्याखाली झाकून मऊ करायचा, कापायचा आणि सावलीत वाळवायचा. तो आपल्या वडिलांच्या हाताखाली शिकला होता आणि वडिलांचं एकच म्हणणं असे, "अंगावर माती असलेलं मूळ म्हणजे तोंड न धुता पाहुण्यांपुढे आलेलं पोर. पोराला कुणी बोलत नाही, आईबापाला बोलतात."

गेनशेंगला पोर एकच. मुलगी, वेइमियाओ. घरात मियाओमियाओ. ती नानछांगला, प्रांताच्या राजधानीत, एका प्रयोगशाळेत कामाला होती. काम काय, हे तिने बापाला अनेकदा सांगितलं होतं आणि बापाला ते दर वेळी थोडं कमीच कळलं होतं.

"जुन्या औषधांना न जुमानणारे जंतू झालेत ना बाबा, त्यांना मारणारं काही आपल्या जडीबुटीत सापडतंय का ते बघतो आम्ही."

"जंतू?" गेनशेंगने भाताचा वाडगा खाली ठेवला. "आता हा बाइलियान घे. गळवावर लावतात. तो उष्णता उतरवतो, आतलं विष ओढून काढतो, गळू बसतं. यात जंतू कुठून आले?"

"गळवात असतात ना!"

"म्हणजे विष असतं म्हणून जंतू येतात, का जंतू येतात म्हणून विष होतं?"

"बाबा, भात गार होतोय."

बाइलियान म्हणजे रानद्राक्षाच्या जातीच्या एका वेलीचा कंद. बाहेरून काळपट, वेडावाकडा, आतून पांढरा. शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला मियाओमियाओ घरी आली होती, तेव्हा अंगणात त्याचं नुकतंच आलेलं पोतं होतं. परत निघताना तिची गाडीची वेळ झालेली, गेनशेंग बाजारात. तिने जाता जाता पोत्यात हात घातला, मूठभर कंद आईच्या पिशवीत टाकले आणि धावत सुटली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. इतक्या मोठ्याने ओरडत होती की यूएचिनने, म्हणजे तिच्या आईने, फोन कानापासून लांब धरला.

"बाबा, वर्तुळ आलं! आपल्या बाइलियानभोवती वर्तुळ आलं!"

"कसलं वर्तुळ? कुणाला आलं?"

"बशीत हो! बशीत जंतू वाढवायचे, मध्ये औषधाच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. टिकलीभोवतीचे जंतू मेले की तेवढी जागा स्वच्छ राहते. तेच वर्तुळ. एवढं मोठं आलंय, वान मॅडम स्वतः बघून गेल्या."

"थांब, थांब. तुम्ही बशीत जंतू पोसता? स्वतःच्या हाताने?"

"आणि आम्ही इथे जन्मभर हिला हात धुवायला शिकवलं," यूएचिन म्हणाली.

पण पुढचं बोलणं दोघांनाही नीट कळलं. वान मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. तिथे कितीतरी वनस्पती तपासल्या जात होत्या, आणि नव्या वर्षाच्या सणाआधी मॅडम त्यातली एकच पुढच्या कामासाठी निवडणार होत्या. जिची वनस्पती निवडली जाईल ती राहणार. बाकीच्या कंत्राटावरच्या मुलींना दुसरीकडे बघावं लागणार. मियाओमियाओचं कंत्राट तेव्हाच संपत होतं. आता फक्त वर्तुळ पुन्हा यायला हवं होतं, त्याच पोत्यातल्या कंदाचं.

"काही नाही, मूठभर टाक डब्यात आणि पाठव," यूएचिन म्हणाली.

गेनशेंगने बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला उघड्या अंगाने बाजारात जायला सांगितलं होतं.

"म्हातारे, तिथे सूक्ष्मदर्शक असतात. वस्तू हजारपट मोठी दिसते."

"मग?"

"मग त्यावरची माती केवढी दिसेल!"

त्याने कारखान्यातून सुट्टी घेतली. कंद धुतले, फडक्याखाली झाकले, मऊ झाले का ते दर थोड्या वेळाने नखाने दाबून बघितलं. मग सुरी परजून बसला. चकत्या अशा उतरल्या की वाळत घातल्यावर मांजर जवळून गेलं तरी हलायच्या. त्या लाल शिक्क्याच्या कागदात बांधून तो स्वतः गाडीने नानछांगला गेला.

वान मॅडम दारापर्यंत आल्या. पांढरा कोट, केस आखूड, आवाज मऊ. मियाओमियाओने पुडी उघडली आणि गेनशेंगला राहवलं नाही. त्याने फुंकर मारली. चकती मॅडमच्या कोटावर जाऊन बसली.

"अगंबाई!" मॅडम हसल्या. "श्योंगशिफू, हे दळायचं की जपून ठेवायचं?"

"त्याच पोत्यातलं आहे," गेनशेंग म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाबा, किती सुंदर झालंय," मियाओमियाओ म्हणाली. तिलाही अभिमान वाटला. स्वच्छ माल मिळाला की प्रयोगशाळेतही कुणाचं काही बिघडत नाही. तिथेही सगळं धुऊनच घेतात. त्यामुळे कुणाच्याच मनात काही आलं नाही.

वर्तुळ आलं नाही.

म्हणजे, डोळे ताणून बघितलं तर टिकलीच्या कडेला काहीतरी अंधूक होतं, पण मॅडम म्हणाल्या, अशा अंधुकावर काम चालत नाही. मियाओमियाओचा आवाज फोनवर अगदी सपाट होता. गेनशेंग जेवला नाही. त्याला एकच दिसत होतं, आपला हात कमी पडला. पोरीने घाईत उचललेले ओबडधोबड कंद चालले आणि बापाने मन लावून केलेलं चाललं नाही, तर करण्यातच काहीतरी उणं राहिलं असणार. दुसरं काय असणार?

मग त्याने कारखान्यातच बसून आणखी जीव ओतला. पाणी बदलून बदलून धुतलं. वरची काळी साल पूर्ण खरवडून काढली. डाग दिसेल तो भाग कापून टाकला. कारखान्यातला जोडीदार लाओ दिंग, जो मोठ्या कढईवर औषधं भाजायचा, तो झारा हातात घेऊन बघत उभा राहिला.

"श्योंगशिफू, हा कंद प्रयोगशाळेत चाललाय की लग्नाला उभा राहतोय?"

"तुझी कढई बघ. जळतंय."

"जळत नाहीये, रंग येतोय. तुझ्या कंदाचा मात्र गेला. कसा पांढराफटक झालाय बिचारा. आजारी दिसतोय."

या वेळी बशी कोरी निघाली. अंधूकसुद्धा काही नाही.

"जंतू कसे आहेत?" यूएचिनने फोनवर विचारलं. तिला धीर द्यायचा होता, पण सुचलं हेच.

"मजेत आहेत, आई. वाढतायत." आणि मग मियाओमियाओ एकदम चिडली. "बाबा, खरं सांगा. पोतं तेच आहे ना? का चांगला माल म्हणून दुसरीकडचा आणलात?"

"मी तुला फसवीन?"

"फसवणार नाही हो. पण तुम्हाला चांगल्याची हौस फार!"

"चांगल्याची हौस हा आता गुन्हा झाला का? तूच काहीतरी चुकली असशील. बशीत शिंकली असशील!"

फोन बंद झाला. कुणी केला ते दोघांनाही नंतर आठवेना.

गेनशेंगला काही कळेनासं झालं. पोतं तेच. डोंगर तोच. पाणी नळाचं, रोजचं. हातही तोच, या हाताने अर्ध्या प्रांताला औषध पुरवलेलं. एका सकाळी मानेवर गळू आलं, तर त्याला आनंदच झाला. आपल्या पांढऱ्या चकत्यांची पूड करून त्याने लेप लावला आणि आरशासमोर बसून राहिला. दोन-चार दिवसांत गळू बसलं.

"बघ! बसलं! मग हा कंद काम करतो म्हणजे करतो!"

"गळू आपोआपही बसतं, म्हाताऱ्या," यूएचिन म्हणाली. "मागच्या वर्षी मला आलं होतं, मी त्याला काहीच लावलं नव्हतं. तेही बसलं."

गेनशेंगने डोळे बारीक केले. हे त्याने आजवर असं कधी बघितलंच नव्हतं. औषध लावल्यावर बसलेली गळवं त्याने जन्मभर पाहिली होती. न लावता बसलेली बघायला तो कशाला जाणार होता? तो बराच वेळ मान चोळत राहिला.

त्या आठवड्याच्या सुट्टीला मियाओमियाओ न कळवता घरी आली. बापाशी धड बोलली नाही. यूएचिनने तिच्यासाठी तिखट शेवया कालवल्या. तिघं वाडगे घेऊन अंगणात बसली. बोलायला विषय नव्हता, म्हणून यूएचिन बोलत राहिली.

"या खेपेला निघताना माझ्या पिशवीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते. सणाच्या वेळची नवी पिशवी, आज परत आणलीस ती नुसता चिखल करून. अजून शिवणीतून माती निघतेय."

मियाओमियाओच्या तोंडातली शेवई तशीच लोंबकळत राहिली.

"माती," ती म्हणाली.

"हो, माती. काय लोणी होतं का?"

"आई, थांब." तिने वाडगा खाली ठेवला. "मी ते धुतलेच नव्हते. घाईत तसेच नेले. आणि तिथे... तिथे मी पिशवीवर चिठ्ठी लावली, 'श्योंगशिफूंकडचा माल', आणि ठेवून दिली. दळणाऱ्या मुलीने मला विचारलं होतं, धुवायचे का? तर दुसरीच म्हणाली, श्योंगशिफूंकडचं आहे, जांगशूचं, त्यांच्याकडचं काय धुवायचं! तसंच दळलं. सालीसकट, मातीसकट."

यूएचिनने नवऱ्याकडे पाहिलं. मग गेनशेंग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या नावावर तिथे माती खपली?"

"बाबा, त्याचं नका धरून बसू. त्याच मातीसकट वर्तुळ आलं होतं! नंतर तुम्ही दोन्ही वेळा धुतलंत..."

"म्हणजे मी औषध धुऊन टाकलं?"

"माहीत नाही."

"माझ्या बापानेही? त्याच्या बापानेही? आम्ही सगळे मिळून औषध धूत होतो आणि कचरा विकत होतो?"

"तसं नाही म्हणत मी! तुमच्या चकतीचं काम वेगळं असेल, बशीतलं वेगळं असेल. मला खरंच माहीत नाही बाबा." ती रडायच्या बेताला आली होती. "मी शिकले तरी मला माहीत नाही. तुम्हाला वाटतं तिथे आम्हाला सगळं माहीत असतं."

गेनशेंगला खरोखरच तसं वाटत होतं. इतके दिवस तो त्याच भरवशावर होता की आपल्याला कळत नसलं तरी पोरीला कळतंय. आता तोही आधार सुटला.

पोत्याच्या तळाशी काही कंद उरले होते. मियाओमियाओने ते माती झटकल्याशिवाय उचलले आणि नेले. या वेळी यूएचिननेच जुनी पिशवी आणून दिली. वर्तुळ आलं. पहिल्याएवढं नाही, पण आलं. आणि वान मॅडमनी स्वतः फोन केला.

"श्योंगशिफू, तुम्हाला त्रास देतेय. मला ताजे कंद हवेत, त्याच उतारावरचे. जमिनीतून काढायचे आणि तसेच द्यायचे. धुवायचे नाहीत, पुसायचे नाहीत. शक्यतो हातसुद्धा लावायचा नाही. भोवतीची मातीही वेगळी बांधून हवी."

"मॅडम, एक विचारू?" गेनशेंग उभा राहून बोलत होता. "औषध मुळात आहे की मातीत?"

"माहीत नाही. मुळात असेल. सालीत असेल. सालीवर राहणाऱ्या एखाद्या बुरशीत असेल. मातीतल्या जंतूंत असेल. काही जंतू दुसऱ्या जंतूंना मारतात."

"जंतूच जंतूंना मारतात?"

"मारतात. भाऊबंदकी समजा."

हे गेनशेंगला जरा समजलं. "पण मग ते आपलं औषध कसं? ते तर मातीचं झालं. आणि माझ्या मुलीचं काम तर जडीबुटीचं आहे."

पलीकडे मॅडमनी आवाज उतरवला. "खरं सांगू, तो प्रश्न मलाही वरच्या लोकांना समजवायचाय. पण ताज्या कंदातून वर्तुळ आलं तर मियाओ माझ्याकडे राहील, एवढं मी बघते. नाही आलं, तर मात्र माझ्या हातात काही नाही."

म्हणजे सगळं येऊन त्याच्यावर थांबलं होतं. आणि त्याने करायचं ते काय, तर काहीच करायचं नाही.

उतार ज्या बाईचा होता तिने वेल दाखवली आणि कुदळ दिली. गेनशेंगने पोरीने दिलेले रबरी हातमोजे चढवले. माती भुसभुशीत होती. कंद वर आला, काळा, ओला, केसाळ मुळ्यांत चिखल अडकलेला. त्याचा अंगठा आपोआप पुढे झाला आणि चिखलावर टेकला. एवढं पुसायचं असतंच. इतक्या वर्षांत त्याने एकही कंद न पुसता खाली ठेवला नव्हता. अंगठ्याला ते ठाऊक होतं, अंगठ्याला मॅडमचा फोन आला नव्हता.

त्याने तो कंद बाजूला फेकला. हात लागला होता.

दुसऱ्याला त्याने कुदळीनेच उचललं, उजवा हात पाठीमागे धरून. शेतातली बाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"शिफू, हात दुखावला का?"

"नाही."

"मग ओढ्यावर जाऊन धुऊन आणू का? तुम्ही एवढे लांबून आलात, असा घाण माल कसा नेणार?"

"नको," गेनशेंग म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि पटकन त्याने मागे वळून बघितलं, रस्त्यावरून ओळखीचं कुणी जात तर नाही ना!

गाडीत त्याने डबा मांडीवर घट्ट धरला. झाकणाच्या फटीतून थोडी माती शेजारी बसलेल्या बाईच्या बुटावर सांडली.

"काका, काय नेताय एवढं जपून?"

"घाण," गेनशेंग म्हणाला. ती उठून दुसऱ्या जागेवर गेली.

प्रयोगशाळेच्या दारात वान मॅडमनी डबा दोन्ही हातांनी घेतला. गेनशेंगने मान खाली घातली. "माफ करा मॅडम. असा माल आमच्या घराण्याने कधी कुणाच्या हातात दिला नाही."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. मियाओमियाओ मागे उभी होती. ती बापाकडे बघून हसली.

मग वाट बघणं आलं. लाओ दिंग रोज विचारायचा, "तुझ्या घाणीचं काय झालं?" यूएचिन देवाला संत्री ठेवायची आणि म्हणायची, मी काही मागत नाहीये, फळं उरली होती. सणाची लाल कागदी तोरणं बाजारात दिसायला लागली, तेव्हा फोन आला. वर्तुळ आलं होतं. कंदातल्या गरातून नाही, नुसत्या मातीतूनही नाही. सालीतून, आणि तेही साल मातीत असताना तिच्यावर काहीतरी वाढत होतं, त्यातून. काय वाढत होतं ते अजून कुणाला माहीत नव्हतं. ते शोधायचं काम मियाओमियाओला मिळालं होतं. ती राहणार होती.

यूएचिनने फोन छातीशी धरला आणि खुर्चीत बसून रडली. गेनशेंगने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोर राहिली.  पण इतकी वर्षं आपण काय धूत होतो, हा प्रश्न तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बाइलियानचा नवा माल आला. गिऱ्हाइकाला पांढऱ्या चकत्याच हव्या होत्या. गिऱ्हाइकाला बशीतल्या वर्तुळाचं काय! गेनशेंगने बाही वर सारली आणि कंद टबात सोडले. चोळताना पाणी गढूळ झालं, मग काळं झालं. कंद उजळ निघाले, नेहमीसारखे. त्याने ते बाजूला काढले. टब उचलून तो मोरीपाशी आला आणि तिथेच थांबला.

"ओत ना," लाओ दिंग म्हणाला. "मला टब हवाय."

"थांब."

"कशाला थांबू? पाणी आहे ते."

"तेच तर," गेनशेंग म्हणाला. टब खाली ठेवून त्याने ओल्या हातानेच फोन लावला. "मियाओमियाओ, धुतलेलं पाणी फेकू का ठेवू?"

पलीकडे मशीन घरघरत होतं. "कुठलं पाणी बाबा?"

"बाइलियानचं. काळं झालंय."

पलीकडचं मशीन थांबलं. "माहीत नाही हो," ती म्हणाली. "मॅडमना विचारते. तोवर झाकून ठेवा."

"कशाने झाकू? स्वच्छ फडकं चालेल, का तेही मळकंच लागेल?"

लाओ दिंग दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसला. गेनशेंग टबाशेजारी उकिडवा बसून उत्तराची वाट बघत राहिला.